दाजींच्या दीर्घिका मी सुलट लावल्या

ज्या माणसाचा सूड घ्यायचा म्हणून मी आभाळातल्या दीर्घिका शिकले, त्याच माणसाच्या घरचं अन्न मी जवळजवळ दोन वर्षं खाल्लं. ते अन्न शिजवायची माझी थोरली बहीण. त्यामुळं मिठाला जागायचंच असेल तर मी ताईच्या मिठाला जागले, असं मी समजते. हे आधीच सांगून टाकते, कारण वाचताना कुणाला वाटेल की आता वय झालंय, ही बाई शेवटी हळवी होईल आणि झालं गेलं कऱ्हेला मिळालं म्हणेल. तसलं काही होणार नाही. मी अजून रागातच आहे आणि त्या रागानं माझं काही वाईट केलेलं नाही. रक्तदाब नाही, साखर नाही, झोप चांगली लागते.

आम्ही इंदापूरकडच्या कळंबचे. आजोबांपर्यंत घरात मेंढरं होती. चार महिने घरी, आठ महिने रानोमाळ. कालव्याचं पाणी आलं, चराऊ रानं उसाखाली गेली आणि आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कळप विकून तुकड्यात ऊस लावला. मेंढरांमागून घरात उरल्या त्या घोंगड्या आणि हुलग्याचं माडगं. थंडी पडली की आई अजून माडगं करायची आणि आबा फुरके मारत म्हणायचे, "ह्या वासाला मेंढरं आठवत्यात." ताईचं नाव कमल. आमच्या भावकीत बी. एस्सी. झालेली पहिली मुलगी. भौतिकशास्त्र घेऊन झाली, आणि चित्रकला तिला कुणी न शिकवता यायची. सारवलेल्या अंगणात खडूनं बैल काढायची तर खरा बैल बिचकून थांबायचा. अशा मुलीला स्थळ कसलं बघायचं, हा आबांना घोर होता. मग बारामतीच्या हायस्कुलातल्या हणमंत सरांचं स्थळ आलं. तेही विज्ञानाचे, तेही आमच्यातलेच, आणि वर त्यांचं नाव मोठं. स्लाईडचं मशीन घेऊन ते गावोगावच्या शाळांतून 'विश्वाचा जन्म' या विषयावर भाषण करायचे. आबांना तर आभाळ ठेंगणं झालं. पारावर सांगत सुटले, "आमचा जावई आभाळातलं दाखवतो, घरात आणून."

बारावी झाल्यावर कॉलेजसाठी मी ताईकडं राहायला आले. कसब्यात दोन खोल्या, मागं मोरी आणि लहानसं परसू. त्या घराचे आवाज अजून कानात आहेत. पहाटे परसातल्या बंबात ताई चिपाडं आणि काटक्या सारायची त्याचा तडतडाट, मग दाजींच्या गुळण्या, मग स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज, आणि हंगाम असला की रस्त्यावरून उसाच्या ट्रॅक्टरवर मोठ्यानं लावलेली कॅसेट. दाजींना अंघोळीला कढत पाणी लागायचं. उन्हाळ्यातसुद्धा. बंब तापलेला नसला तर ते टॉवेल गुंडाळून परसात उभे राहायचे आणि एक शब्द न बोलता बंबाकडं बघायचे. ताई धावायची. जेवायलाही तसंच. भाकरी तव्यावरची ताटात, शेंगदाण्याची चटणी ओली, रस्सा दाट. नावडलं तर ताट नुसतं दोन बोटं पुढं सरकवायचे. घरात ते ओरडायचे नाहीत, हे मुद्दाम सांगते. ओरडणाऱ्या माणसाचा राग बाहेर पडून जातो. ह्यांचा साठायचा. मला म्हणायचे, "शकू, पोटभर खा गं, लाजू नकोस. घर आपलंच हाय." आणि 'आपलंच' या शब्दावर असे थांबायचे की घास तोंडात फिरायचा.

त्यांच्या भाषणातली चित्रं ताईनं काढलेली असायची. तिची रीत मी तासन्‌तास बघत बसायचे. काळा जाड कागद, त्यावर पांढऱ्या पोस्टर रंगात बुडवलेला जुना टूथब्रश, आणि ब्रशच्या केसांवरून अंगठा ओढला की कागदावर तारेच तारे. मग बारीक कुंचल्यानं त्यातून दीर्घिकेचं अंग उठवायचं. तरुण तारे असतील तिथं निळा हात, म्हातारे असतील तिथं पिवळसर तांबडा. अंगठा आठवडाभर पांढरा राहायचा. स्टेशन रोडला एक फोटो स्टुडिओवाला होता, तो त्या चित्रांचे फोटो काढून स्लाईड करून द्यायचा. दाजी त्या स्लाईड ट्रेमध्ये लावायचे आणि निघायचे. मी कॉलेजात भौतिकशास्त्र घेतलेलं, मशीनचा दिवा गेला की बदलता यायचा, म्हणून ते मला बरोबर न्यायला लागले. मशीन मी चालवायची, बोलायचे ते. पडद्याकडं पाठ, तोंड लोकांकडं, हातात वेताची छडी. मागं न बघता छडी पडद्यावर टेकवायचे आणि ती नेमकी चित्रावर पडायची. लोकांना त्याचंच नवल. भाषण त्यांना पाठ होतं, आणि सुंदर होतं. दीर्घिका म्हणजे कळी, असं त्यांचं सांगणं. आधी गोल, मिटलेली. मग जराशी चपटी होते. मग पाकळ्या उलगडतात, सर्पिल आकार येतो. मग दोन फुलं वाऱ्यानं एकमेकांवर झुकावीत तशा दोन दीर्घिका भेटतात, आणि सरतेशेवटी पाकळ्या गळून फाटका आकार उरतो. बाया डोळ्यांना पदर लावायच्या. चित्रं कुणाची, हे मात्र एकदाही त्यांच्या तोंडून आलं नाही. एका गावात कुणी विचारलं तर म्हणाले, "बाहेरून करून घेतो."

आमच्या कॉलेजात एकदा पुण्याहून एक बाई आल्या. खगोलशास्त्रात संशोधन करणाऱ्या. तेव्हा जिल्ह्याच्या वरच्या अंगाला, जुन्नरकडं, आभाळातल्या रेडिओ लहरी ऐकायला मोठ्या तबकड्या उभ्या राहत होत्या आणि त्यामुळं अशी माणसं अधूनमधून आमच्याकडं यायची. मी ताईला ओढून नेलं. बाई साध्या सुती साडीत, खडू हातात घेऊन बोलल्या. म्हणाल्या, गोलापासून सर्पिलाकडं असा आकारांचा जो तक्ता पुस्तकात असतो, तो नुसता वर्गवारीचा आहे. तो वयाचा क्रम समजू नका, ती फार जुनी चूक आहे. आता आम्हाला दिसतं ते असं. आधी लहान लहान, वेड्यावाकड्या दीर्घिका झाल्या. त्या एकमेकींत मिसळत मोठ्या झाल्या. वायू भोवती फिरत फिरत चपटा झाला, तबकडी झाली, तिला हात फुटले. आणि अशा दोन भरलेल्या तबकड्या एकमेकींवर आदळल्या की सगळी घडी मोडते, वायू संपतो, नवे तारे जन्मायचे थांबतात आणि उरतो तो गोल, तांबूस, म्हातारा गोळा. ताईनं उभं राहून विचारलं, "म्हणजे गोल ही सुरुवात नाही, बऱ्याचदा शेवट आहे?" बाई म्हणाल्या, "अगदी बरोबर. बऱ्याचदा शेवट. सगळ्याच तशा नसतात, पण मोठ्या गोलांपैकी पुष्कळ." मग त्या ताईशी व्हरांड्यात उभ्याउभ्या बराच वेळ बोलत राहिल्या. मी ताईचा चेहरा बघत होते. लग्नानंतर तो तसा मी बघितला नव्हता.

घरी येऊन ताई पोळ्यांना बसली तरी बोलतच होती. लाटलेल्या दोन पोळ्या तिनं एकमेकींवर थापल्या, मुठीत दाबल्या आणि गोळा माझ्यापुढं धरला. "बघ. दोन पोळ्या आपटल्या की गोळा हुतो. गोळा ठेवलास तर त्याची आपोआप पोळी हुती का? येडे हुतो आपण, शके. समदं उलटं सांगत हुतो." त्याच आठवड्यात तिनं नवी चित्रं काढायला घेतली. पहिल्या, फाटक्या, निळ्या दीर्घिकांची. इतकी देखणी चित्रं तिनं आधी काढली नव्हती. मी आता आयुष्यभर पोरांना भौतिकशास्त्र शिकवलंय, मोठमोठ्या दुर्बिणींनी काढलेले फोटो बघितलेत. तरीही डोळे मिटले की मला ताईच्याच त्या चार-पाच दीर्घिका दिसतात, ज्या मी सोडून फार थोड्या माणसांनी बघितल्या.

त्या कुणी का बघितल्या नाहीत, ते आता सांगते. ताईनं दाजींना क्रम उलटा असल्याचं सांगितलं तेव्हा ते हसले. "बघू," म्हणाले. पुढच्या रविवारी त्यांनी मुख्याध्यापकांना आणि दोन शिक्षकांना जेवायला बोलावलं. मटणाचा बेत. ताई सकाळपासून काळा मसाला भाजत होती, माझे डोळे दुपारपर्यंत चुरचुरत होते. जेवताना दाजींनी कळीचं पुराण काढलं. मुख्याध्यापक साधे गृहस्थ. रस्सा वाढणाऱ्या ताईला सहज म्हणाले, "वहिनी, तुम्हीपण सायन्सच्या ना? तुम्हाला पटतं का हे कळीचं?" ताईनं दाजींकडं बघितलं. मग वाढता वाढता हळूच म्हणाली, "आता नवीन सांगतात त्यात क्रम उलटा आहे. गोल शेवटी येतो." मुख्याध्यापक हसले, "घ्या सर! घरातच परीक्षक!" सगळे हसले. दाजीही हसले. भाकरी मागितली, रश्शाची वाटी पुन्हा भरून घेतली, पाहुण्यांना कोपऱ्यापर्यंत सोडून आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला जाग आली ती वेगळ्याच वासानं. चिपाडाचा वास मला ओळखीचा होता. हा रंगाचा, गोंदाचा, जळक्या पुठ्ठ्याचा होता. परसात गेले. ताई बंबापाशी उकिडवी बसली होती, हात गुडघ्यांवर. दाजी टॉवेल गुंडाळून उभे होते आणि स्वतःच्या हातानं एकेक काळा कागद दुमडून बंबात सारत होते. शांतपणे, घडी घालून, जसं कुणी पूजेचं करतं. नवी चित्रं, जुनी चित्रं, सगळी. स्लाईड तेवढ्या वाचल्या, कारण त्या त्यांना लागत होत्या. शेवटचा कागद गेला तेव्हा म्हणाले, "कमल, तुझं काम रंगवायचं. बोलायचं काम माझं." मग त्यांनी नळाखाली बादली धरली, पाणी काढलं, मोरीत जाऊन अंघोळ केली आणि अंघोळ करताना रोजचं स्तोत्र म्हटलं. ताई उठली आणि पोहे भिजवायला गेली. त्या दिवशी ताई जेवली नाही, आणि ती जेवली नाही हे दाजींच्या लक्षात आलं नाही.

त्या परसात उभं राहून मी जे ठरवलं ते मी आजतागायत कुणाला शपथ म्हणून सांगितलेलं नाही, पण ती शपथच होती. ह्या माणसाला लोकांसमोर नागवं करायचं. पहिला विचार अगदी पोरकट होता, मशीनच्या दिव्याची तार तोडावी, स्लाईड कालव्यात टाकाव्यात. पण मग ते लोकांना म्हणाले असते, काय करणार, यंत्र बिघडलं. लोक त्यांच्यासाठीच हळहळले असते. स्लाईड कशाही मिसळून टाकल्या तरी तेच, पोरीनं घोळ घातला म्हणाले असते. नाही. त्यांना हरवायचं तर बरोबर गोष्टीनंच हरवायला हवं होतं. म्हणून मी अभ्यासाला लागले. कॉलेजच्या ग्रंथालयात या विषयावर इंग्रजीतली जी काही पुस्तकं होती ती एका हातात शब्दकोश धरून वाचली. न कळलेलं ताईला विचारायचे, पोळ्या लाटताना, कपडे पिळताना. तिला वाटायचं परीक्षेसाठी. ती खुलून सांगायची. दूरचं बघणं म्हणजे जुनं बघणं, कारण उजेडाला यायला वेळ लागतो. सगळ्यात लांबच्या दीर्घिका दिसतात त्या त्यांच्या पोरवयातल्या. आपली आकाशगंगासुद्धा लहानग्यांना पोटात घेत वाढलेली, आणि शेजारची मोठी दीर्घिका कधीतरी आपल्यावर येणार. "मग आपलाबी गोळा?" मी विचारलं. "व्हय," ताई म्हणाली. "पर लई लांब हाय ते. तवर तू परसातली कापडं काढ." राग असला की अभ्यास किती चांगला होतो, हे मी त्या वर्षी शिकले. माझ्या विद्यार्थ्यांना हे सांगायचं धाडस मात्र कधी झालं नाही.

संधी इंदापूरला आली. विज्ञान दिनाच्या कार्यक्रमाला तालुक्यातल्या शाळा एकत्र येणार, शिक्षण खात्याचे साहेब येणार, आणि मुख्य भाषण हणमंत सरांचं. साहेबांवर छाप पडली तर जिल्हाभर फिरायची नेमणूक मिळायची शक्यता होती. दाजींनी नवा सफारी शिवला. जीपमधून जाताना सगळा वेळ ओठातल्या ओठात भाषण म्हणत होते. शाळेचा मोठा हॉल, ऊन तापायला लागलेलं, आणि अंधार करायचा म्हणून खिडक्यांना घोंगड्या टांगलेल्या. त्या घोंगड्यांचा वास आला आणि मला आमच्या घरात उभी असल्यासारखं वाटलं. दाजी पुढं साहेबांशी बोलत उभे होते. मी मशीनपाशी बसून ट्रेमधल्या स्लाईड काढल्या आणि पुन्हा लावल्या. फाटकी, लहान दीर्घिका पहिली. मग पूर्ण उलगडलेली सर्पिल. मग दोघींची धडक. मग गोल. स्लाईड मशीनमध्ये डोकं खाली करून घालावी लागते, तरच पडद्यावर सरळ दिसते.  प्रत्येक उजेडाकडं धरून तपासली, आणि हात मांडीवर घेऊन बसले.

दिवे मालवले. दाजींनी पडद्याकडं पाठ केली, छडी उचलली, घसा साफ केला. आवाज नेहमीसारखाच गोड. "बालमित्रांनो, ही पहा कळी. गोल, मिटलेली, आईच्या पोटातल्या बाळासारखी शांत." छडी मागं पडद्यावर टेकली, ती नेमकी फाटक्या दीर्घिकेच्या फाटक्या कडेवर. पुढच्या रांगेतली एक मुलगी म्हणाली, "सर, ही तर फाटकी हाय." थोडं हसू. "शांत. नीट बघा," दाजी मागं न वळता म्हणाले. "आता ही किंचित चपटी होते. अजून पाकळी दिसत नाही." मी स्लाईड सरकवली. पडद्यावर ताईची सर्पिल दीर्घिका, निळे हात पसरून. पोरं ओरडली, "सर, फुललं की! पाकळ्याच पाकळ्या!" आता शिक्षकही हसले. दाजींचा आवाज जरा चढला, पण पाठांतराची गाडी अशी थांबत नाही, "आता पाकळ्या हळुवार उघडतात... किती नाजूक, किती शांत..." मी पुढची सरकवली. दोन दीर्घिका एकमेकींत घुसलेल्या, शेपट्या तुटून लांब फेकल्या गेलेल्या. हॉल कोसळला. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "नाजूक न्हाय सर, कुस्ती चाललीया!"

तेव्हा ते वळले.  त्यांच्या सफारीवर दीर्घिकांचे तुकडे पडले होते. मग माझ्या दिशेनं बोट करून म्हणाले, "स्लाईड चुकल्यात. पोरीनं घोळ घातला. दिवे लावा."

मी उभी राहिले. ह्या एका वाक्यासाठी मी वर्षभर कालव्याच्या कडेला एकटी बोलून बघितलं होतं. "घोळ नाही दाजी. आत्ता बरोबर लागल्यात."

"गप बस."

साहेब पुढच्या खुर्चीत होते. त्यांना मजा वाटली असावी. "बरोबर म्हणजे काय गं?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. आधी लहान, वेडीवाकडी. त्या मिसळून मोठ्या. फिरून फिरून चपट्या, मग हात. दोन मोठ्या धडकल्या की मोडतोड, आणि शेवटी हे. मी शेवटची स्लाईड सरकवली. गोल, तांबूस. "हिच्यात आता नवीन तारे जन्मत नाहीत. सर हिला कळी म्हणतात. ही कळी नाही, ही म्हातारी आहे."  पोरं बघत होती. साहेब खुर्चीत पुढं सरकले. 

"हे तुला शिकवलं कुणी?"

"माझ्या ताईनं. सरांच्या बायकोनं. ही चित्रंपण तिनंच काढल्यात."

साहेब खुर्चीत मागं रेलले आणि अगदी सहज, काही मनात न ठेवता म्हणाले, "मग सर, वहिनींनाच आणायचं होतं की!"

जो हशा पिकला तो मी कधी विसरणार नाही. खिडकीच्या घोंगड्या हलल्या असतील इतका मोठा. पोरं, शिक्षक, शिपाई, सगळे. दाजी मधोमध उभे, हातात छडी. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते, एकटक, कारण मला ते बंबापाशी बसलेल्या ताईसाठी बघायचं होतं. खालचा ओठ हलत होता पण त्यातून शब्द येत नव्हता. बोलायचं काम त्यांचं होतं ना. बोला की, असं मी मनात म्हणाले.

जीप मला न घेता गेली. मी एसटीनं बारामतीला आले तोवर उन्हं कलली होती. दाराबाहेर ताईची लग्नातली ट्रंक, माझी वळकटी आणि पुस्तकं. ट्रंकेवर ताई बसली होती, मांडीवर शेंगांचा पुडा, शेंगा फोडून खात होती. दार आतून बंद. मला वाटलं ती रडेल, मला मारेल. ती म्हणाली, "बस. आधी समदं सांग." मी सगळं सांगितलं. साहेबांचं वाक्य आलं तिथं तिनं मला थांबवलं. "काय म्हणलं? परत सांग." मी परत सांगितलं. ती शेंग हातात तशीच धरून बसली. मग आम्ही ट्रंक दोन्हीकडून धरून स्टँडवर आलो. गाडीत, भवानीनगर मागं पडल्यावर, खिडकीतून बघत ती म्हणाली, "मला इचारलं असतंस तर मी नगं म्हणलं असतं."

"म्हणून तर इचारलं न्हाय."

 कळंबसाठी जंक्शनच्या फाट्यावर उतरल्यावर, ट्रंक खाली ठेवून हात चोळताना, एकदम तोंडावर पदर घेऊन हसायला लागली. "वहिनींनाच आणायचं हुतं," म्हणाली आणि रस्त्यातच खाली बसली. उसाची एक बैलगाडी आमच्यासाठी थांबली.

आई मरेपर्यंत म्हणायची की कमलचा संसार शकीनं मोडला. मी कधी वाद घातला नाही. आबांनी दोन दिवस कुणाशी बोलणं टाकलं आणि तिसऱ्या दिवशी गोठ्यातली एक भिंत चुन्यानं पांढरी केली. "पडदा पायजेल न्हवं तुला," एवढंच म्हणाले. ताईनं पुन्हा टूथब्रश घेतला. कुणाच्या तरी ओळखीनं जुनं मशीन मिळालं. आधी कळंबच्या शाळेत, मग कऱ्हाटीला, मग जिथं जिथं दाजी बोलले होते त्या प्रत्येक गावी ती गेली. गावं तिनं वेचून घेतली. घटस्फोट तिनं कधी दिला नाही आणि त्यांचं नाव कधी टाकलं नाही. फळ्यावर ती पूर्ण नाव लिहायला लावायची, मधलं नाव ठळक, आणि भाषणाची सुरुवात दरवेळी एकाच वाक्यानं करायची. "माझ्या नवऱ्यानं तुम्हाला हे उलटं सांगितलं होतं. ते आज मी सुलट करते." लोकांना तिचं बोलणं रोखठोक वाटायचं, पण चित्रं संपेपर्यंत कुणी हलायचं नाही. चार-पाच वर्षांत दाजींना बोलावणी येईनाशी झाली. त्यांनी दुसरा संसार केला, मुलं झाली, नोकरी केली. पण बाजारात ओळख करून देताना लोक म्हणायचे, दीर्घिकावाल्या कमल मॅडमचे मालक. हे मला कुणी सांगितलं की माझा दिवस चांगला जायचा.

दाजी गेले तेव्हा मी पन्नाशी ओलांडली होती. दहाव्याला मी गेले. ताई आली नाही, आणि का आली नाही असं कुणी विचारलंही नाही. कऱ्हेच्या घाटावर पिंड मांडला होता. कावळे होते, पलीकडच्या बाभळीवर ओळीनं बसलेले, पण एकही खाली येईना. दुसऱ्या संसारातल्या पोरांनी आईला सांभाळू म्हणून हात जोडले. घर वाटून घेणार नाही म्हणून सांगितलं. नातवाचं शिक्षण करू म्हणाले. ऊन चढलं, गुरुजी घड्याळ बघायला लागले, लोकांना भुका लागल्या. शेवटी दाजींचा धाकटा भाऊ बापू माझ्याजवळ आला. "वहिनींनी एकदा माफ केलं म्हणलं तर शिवंल बघा. फोन लावता का?" मी फोन लावून त्याच्या हातात दिला. त्यानं आवाज मोठा केला आणि पिंडापाशी जाऊन बसला.

"वहिनी, बापू बोलतोय. दादाच्या पिंडाला कावळा शिवंना. तुमी नुसतं माफ केलं म्हणा."

पलीकडून पोरांचा कालवा ऐकू आला. मग ताईचा आवाज, घाईतला. "बापू, मी शाळंत हाय. खिडक्या लावल्यात, पोरं अंधारात बसल्यात. मागनं बोलू."

फोन बंद झाला. सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी पदर सावरला आणि कावळ्यांकडं बघत बसले. बऱ्याच वेळानं गुरुजींनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला लावला, आणि पंगत बसली. बुंदी चांगली झाली होती. मी मागून घेतली.